सिगारेट सोडायला उशीर झालाय?

‘आता या वयात सिगारेट सोडून काय फरक पडणार?’ या प्रश्नाचं उत्तर ब्रिटनमधल्या डॉक्टरांच्या आयुष्यांतून मिळालं आहे.

रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल या संशोधकांनी १९५१ मध्ये तिथल्या डॉक्टरांकडे त्यांच्या धूम्रपानाची चौकशी केली. मग ३४,४३९ पुरुष डॉक्टरांच्या नोंदी पन्नास वर्षं ठेवल्या गेल्या. कोण ओढत राहिलं, कोणी सोडली, कोण कशाने दगावलं, हे सारं टिपलं गेलं. २००४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सिगारेट न सोडणारे डॉक्टर कधीच न ओढणाऱ्यांपेक्षा सरासरी १० वर्षं आधी गेले. मात्र साठाव्या वर्षी सोडणाऱ्यांनी सुमारे ३ वर्षं परत मिळवली, पन्नासाव्या वर्षी सोडणाऱ्यांनी ६, चाळिसाव्या वर्षी ९ आणि तिसाव्या वर्षी सोडणाऱ्यांनी जवळपास सगळी १०.

हे घडतं कसं? धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातली ऑक्सिजनची जागा अडवतो. सिगारेट थांबली की तो एक-दोन दिवसांत उतरतो. हृदयविकाराचा वाढलेला धोका साधारण वर्षभरात निम्म्यावर येतो. फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका निम्मा व्हायला मात्र दहाएक वर्षं लागतात.

सुरुवातीचे आठवडे कठीण जातात. चिडचिड होते, झोप उडते, कारण मेंदू निकोटीन मागत असतो. समुपदेशन आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने घेतलेली औषधं किंवा निकोटीनचं च्युइंगगम यांनी यशाची शक्यता वाढते. विडी ओढणाऱ्यांनाही सोडण्याचा फायदा होतोच. मदत हवी असेल तर १८००-११-२३५६ या राष्ट्रीय मोफत क्रमांकावर आजच फोन करा.