शिक्क्याची किंमत, कागदाचा आवाज

इलेक्ट्रिक गिटारचा विषय निघाला की लाकूड, पिकअप, तारा, अ‍ॅम्प्लिफायर यांवर लोक तासन्‌तास बोलतात. कॅबिनेटच्या जाळीमागे बसलेल्या बारा इंची स्पीकरची आठवण मात्र सगळ्यात शेवटी होते. खरं तर ऐकू येणारा प्रत्येक स्वर त्याच्याच कागदी कोनातून बाहेर पडतो, आणि तो जसाच्या तसा बाहेर पडत नाही. घरच्या म्युझिक सिस्टीमच्या स्पीकरने मूळ आवाजात ढवळाढवळ करू नये अशी अपेक्षा असते. गिटारच्या स्पीकरने ती करावी म्हणूनच तो विकत घेतला जातो. पाच हजार हर्ट्‌झच्या आसपास त्याचा आवाज झपाट्याने उतरतो, त्यामुळे ताणलेल्या व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरची कर्कश किनार आपोआप गाळली जाते. मधल्या पट्ट्यात काही स्वर तो पुढे आणतो, काही दाबतो. जोरात वाजवलं की कोनाचा कागद स्वतःच वळवळू लागतो आणि त्यातून रॉक संगीताचा ओळखीचा खरखरीत गोडवा येतो. एवढं सगळं करणारी वस्तू जुन्या बाजारात शोधली जावी, यात नवल नाही. मात्र या बाजारात एक गल्लत सर्रास होते. स्पीकरची किंमत ठरते ती त्याच्या पाठीवर लिहिलेल्या गोष्टींवरून आणि आवाज ठरतो तो पुढच्या बाजूच्या कागदावरून. घेणारा बहुधा पाठ वाचून पैसे देतो आणि आवाजाचेच दिले असं समजतो.

आधी ही पाठ कशी वाचतात ते पाहू, कारण पुन्हा विकताना तिचाच आधार असतो. अमेरिकी स्पीकरच्या सांगाड्यावर किंवा कडेवर आकड्यांचा एक शिक्का असतो. समजा तिथे २२०६३२ असं छापलं आहे. पहिले तीन आकडे बनवणाऱ्याचे: २२० म्हणजे जेन्सन, ४६५ म्हणजे ऑक्सफर्ड, १३७ म्हणजे सीटीएस, ३२८ म्हणजे युटा. पुढचा ६ हा वर्षाचा शेवटचा आकडा आणि ३२ हा त्या वर्षातला आठवडा, म्हणजे ऑगस्टचा सुमार. आता ते वर्ष १९५६ की १९६६, हे शिक्का सांगत नाही; ते चुंबक, लेबल आणि सांगाड्याची घडण पाहून ठरवावं लागतं. जेन्सनच्या नावातलं पी हे अक्षर अल्निको चुंबकाचं आणि सी हे सिरॅमिकचं, त्याचीही मदत होते. ब्रिटनच्या सेलेस्टियन कंपनीची रीत निराळी: दिवस आकड्यात, महिना आणि वर्ष अक्षरांत. ही अक्षरमाला संपली की पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली, त्यामुळे एकच अक्षर दोन वेगळ्या काळांचं असू शकतं. म्हणूनच नुसत्या शिक्क्याचा फोटो पाहून केलेला सौदा कच्चा.

सेलेस्टियनचं उदाहरण जरा तपशिलात पाहण्याजोगं आहे, कारण या बाजारातली सगळ्यात मोठी नावं तिचीच. १९६० च्या दशकात व्हॉक्स एसी-३० मध्ये तिचे पंधरा-पंधरा वॅटचे दोन निळे अल्निको स्पीकर असत. पुढे स्वस्त पडणारं सिरॅमिक चुंबक आलं, त्यावर जी-१२-एम हा स्पीकर निघाला आणि मार्शलच्या चार स्पीकरांच्या बंद पेटीत जाऊन बसला. चुंबकावरच्या हिरव्या प्लॅस्टिकच्या टोपीमुळे लोक त्याला ग्रीनबॅक म्हणू लागले. गंमत अशी की हाच स्पीकर काळ्या आणि मळकट पांढऱ्या टोपीतही आला. टोपीचा रंग आवाजात काडीचाही फरक करत नाही, भावात मात्र करतो. आणि टोपी प्लॅस्टिकची असल्यामुळे एकावरून काढून दुसऱ्यावर बसवताही येते. त्याचाच भाऊबंद जी-१२-एच. त्याचं चुंबक पन्नास औंसांचं, म्हणजे जवळपास चौदाशे ग्रॅमचं, तर एमचं पस्तीस औंसांचं, सुमारे एक किलोचं. हा फरक हाताला जाणवतो आणि तो खरा आहे. टोपीचा फरक फक्त डोळ्यांना दिसतो.

आता आवाजाची बाजू. कोन, त्याची सुरकुत्यांची कड, मधली व्हॉइस कॉइल आणि कॉइलला मध्यावर धरणारी, स्पायडर नावाची पन्हळी चकती, एवढ्या चार गोष्टींत जवळपास सगळा स्वभाव येतो. चुंबकाचा वाटा मुख्यतः जोराचा: तेवढ्याच वॅटमध्ये आवाज किती मोठा आणि झटका किती घट्ट. हा जोर कानाला सहज फसवतो. आजच्या ग्रीनबॅकची संवेदनशीलता कंपनी ९८ डेसिबल देते, १९८६ मध्ये आलेल्या व्हिंटेज-३० ची १०० डेसिबल. तीन डेसिबलचा फरक म्हणजे दुप्पट वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर लावल्यासारखं. दोन डेसिबलही कमी नाहीत. दोन आवाजांत जो किंचित मोठा, तो माणसाला भरदार आणि जिवंत वाटतो. त्यामुळे दुकानात दोन स्पीकर एकाच व्हॉल्यूमवर लावून केलेली तुलना ही बहुतेक वेळा मोठेपणाची तुलना असते. आधी दोन्हींचा आवाज सारखा करून घ्यायचा आणि मग ऐकायचं. पेटीही तीच हवी, कारण मागून उघड्या पेटीत आणि बंद पेटीत एकाच स्पीकरचा खर्ज दोन तऱ्हांनी येतो.

यावर हमखास येणारा आक्षेप असा की जुने स्पीकर खरोखरच चांगले वाजतात, ऐकणारे काय बहिरे आहेत? आक्षेपात तथ्य आहे, म्हणून तो नीट सोडवला पाहिजे. वापराने कड आणि स्पायडर सैल होतात, स्पीकरची मूळ कंपनसंख्या थोडी खाली येते, नव्याचा ताठरपणा जातो. पण यातला मोठा भाग वाजवण्याच्या पहिल्या काही तासांतच होऊन जातो. नवा स्पीकर काही दिवस मनसोक्त वाजवला की तोही तिथे पोहोचतो; त्यासाठी पन्नास वर्षांची गरज नाही. दुसरं, जुना कागद आज मिळत नाही, हेही खरं. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत सेलेस्टियनला पल्सॉनिक ही बाहेरची कंपनी कोन पुरवत असे, तो कोन पुढे बंद झाला आणि त्या काळच्या स्पीकरचा वेगळेपणा पुष्कळ अंशी त्यात होता. म्हणजे खरी दुर्मीळ गोष्ट कागदच ठरली, आणि भाव मात्र वर्षाला लागतो. तिसरा मुद्दा लोक विसरतात. त्या काळातले जे स्पीकर बेसूर होते ते फेकले गेले, जे कमकुवत होते ते जळाले. आज हाती येतात ते उरलेले. उरलेल्यांवरून अख्ख्या पिढीची गुणवत्ता ठरवणं बरोबर नाही. शिवाय कागदाच्या लगद्यात थोडा उन्नीसबीस होतच असे, त्यामुळे एकाच महिन्याचे दोन स्पीकरही हुबेहूब वाजत नाहीत.

मग पारख करायची कशी? त्यासाठी लागणारं सामान साधं आहे: मल्टिमीटर, दीड व्होल्टचा सेल, टॉर्च आणि फोनवरचं सूर काढणारं एखादं अ‍ॅप. मल्टिमीटरवर सोळा ओमचा स्पीकर बारा-तेरा ओम दाखवतो, आठचा सहा-सात; लेबलापेक्षा आकडा कमी दिसला म्हणून घाबरायचं कारण नाही. काहीच दाखवलं नाही तर कॉइल तुटली. जुन्या ब्रिटिश लेबलावर पंधरा ओम लिहिलेलं असतं, तो सोळाच समजायचा. तारा जोडलेल्या असतानाच कोनाच्या मध्यापासून सारख्या अंतरावर दोन्ही हातांची बोटं टेकवून तो अगदी हलके आत दाबावा. खर्र असा घासल्याचा आवाज आला तर कॉइल वाकडी झाली आहे किंवा चुंबक सरकलं आहे; दाबताना मीटरचा आकडा उड्या मारू लागला तर कॉइलकडे जाणारी तार तुटायला आली आहे. सेलचं धन टोक स्पीकरच्या धन टोकाला आणि ऋण ऋणाला क्षणभर टेकवलं की कोन पुढे यायला हवा. जुन्या जेबीएलमध्ये तो मागे जातो, तो दोष नव्हे. नंतर बारीक आवाजात साठ हर्ट्‌झपासून हजारापर्यंत सूर हळूहळू चढवत न्यावा. एखाद्या ठिकाणी भुणभुण किंवा फडफड ऐकू आली की तिथे चीर आहे, किंवा कोनाच्या मध्यावरची टोपी सुटली आहे. टॉर्च मागून धरली की कागदातली बारीक चीर उजेडात दिसते. आपल्याकडे, विशेषतः मुंबई, कोकण, गोव्याच्या दमट हवेत, बुरशीचे डाग आणि सांगाड्यावरचा गंज मुद्दाम पाहावा. गंजाचा कण कॉइलच्या फटीत गेला की चांगला कागदही वाया जातो.

कोन बदललेल्या स्पीकरचा प्रश्न यातूनच निघतो. डीजे आणि मंडपवाल्यांचे स्पीकर दुरुस्त करणारे हुशार कारागीर महाराष्ट्रात शहरोशहरी आहेत. ते जळलेली कॉइल आणि फाटका कोन बदलून स्पीकर खणखणीत वाजता करतात. पण त्यांच्याकडचा कोन बहुधा जास्त वॅट पेलण्यासाठी बनवलेला, जाड आणि कापडी कडेचा असतो. तो ग्रीनबॅकच्या सांगाड्यात बसवला की वाजतो तो वेगळाच स्पीकर. शिक्का तेवढा जुना राहतो. म्हणून कोन बदललेल्या मालाचा भाव पडतो, आणि इथे बाजार बरोबर वागतो. छोटी चीर नीट चिकटवलेली असेल तर मात्र आवाजात फरक शोधून सापडत नाही आणि भाव तरीही खाली येतो. वाजवणाऱ्या माणसासाठी याहून फायद्याचा सौदा नाही.

आणखी एक युक्तिवाद ऐकू येतो: जुना अस्सल स्पीकर म्हणजे गुंतवणूक, आज जास्त दिले तरी उद्या परत मिळतील. ज्याला कपाटात ठेवायचा आहे त्याच्यापुरतं हे ठीक. एकाच तारखेच्या चार स्पीकरांचा संच, मूळ कोन, मूळ लेबल, सोळा ओम, असा माल मागणीत राहतो. पण वाजवणाऱ्याच्या हातात ही गुंतवणूक फार नाजूक आहे. पंचवीस वॅटच्या एकट्या स्पीकरवर पन्नास वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर पूर्ण उघडला की एका कार्यक्रमात कॉइल जळू शकते आणि मूळ कोनाबरोबर निम्मं मोलही जातं. परदेशातून मागवताना पार्सल आपटलं तर गोंदाने चिकटवलेलं जड सिरॅमिक चुंबक जागचं हलतं. अल्निको तर उष्णतेने आणि जबर प्रवाहाने आपलं काही चुंबकत्व गमावूही शकतं. जी वस्तू वापरली की धोक्यात येते, तिचा भाव वापरणाऱ्याने संग्राहकाच्या हिशेबाने देऊ नये.

म्हणून घेताना आधी स्पीकर उताणा ठेवून कोन तपासा, मग वाजवा, आणि पाठ सगळ्यात शेवटी वाचा. त्याच जातीचा नवा स्पीकर कितीला मिळतो ते माहीत करून घ्या. मागितलेला भाव त्याहून जास्त असेल तर वरचे पैसे शिक्क्याचे आहेत, आणि शिक्का हवा असेल तरच ते द्या. विकणारा स्पीकर वाजवून दाखवायला तयार नसेल, तर तो कितीही जुना असला तरी घेऊ नका.