काळ्या मातीवरचा पांढरा दगड

हुबळीत घर बांधणाऱ्याला आधी मातीचा विचार करावा लागतो. धारवाडच्या पश्चिमेला मलेनाडाकडची लाल जमीन आहे. हुबळीकडे येता येता ती काळी होत जाते आणि पुढे नवलगुंदच्या बाजूला नजर पोचेल तिथवर कापसाचं काळं रान पसरलेलं असतं. ही माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. कापसाला ती मानवते, घराला नाही. भिंती निदान खोल पायावर उभ्या असतात. तळमजल्याची फरशी मात्र जोत्यातल्या भरावावर टेकलेली असते. भराव दबला की फरशी बसते, खालची माती फुगली की ती उचलते. जुन्या घरात दाराजवळची लादी पायाखाली हलते किंवा भिंतीलगत बोटभर फट दिसते, तेव्हा दोष दगडात असेलच असं नाही. बरेचदा तो दगडाच्या खूप खाली असतो.

देशपांडे नगर हा हुबळीतला जुना, झाडांचा भाग. संगीतप्रेमींना तो सवाई गंधर्वांच्या नावाच्या सभागृहामुळे आणि गंगूबाई हनगल यांच्या ‘गंगालहरी’ या घरामुळे ठाऊक आहे. आवार असलेली बैठी किंवा एकमजली घरं इथे अजून टिकून आहेत, जरी त्यांच्या शेजारी अपार्टमेंट उभी राहत आली आहेत. अशा जुन्या घरांतून फिरलं की उत्तर कर्नाटकातल्या फरश्यांचा सगळा इतिहास पायाखालून जातो. परसदारी आणि मोरीत कलबुर्गीकडची शहाबादी फरशी, स्वयंपाकाच्या ओट्यावर काळा कडप्पा, माजघरात गुळगुळीत लाल ऑक्साइडची जमीन, दिवाणखान्यात मोझॅकच्या लाद्या. आणि ज्यांना परवडलं त्यांच्याकडे देवघरात, कधी पूर्ण बैठकीत, राजस्थानातून आलेला संगमरवर.

या संगमरवराची आज दोन प्रकारे हेळसांड होते. एक तर तो पिवळा पडला, तडकला म्हणून त्याच्यावर व्हिट्रिफाइड टाइल चिकटवली जाते आणि उंची वाढल्यामुळे सागवानी दारं खालून कापावी लागतात. नाही तर पॉलिशचं यंत्र बोलावून सरसकट सगळी जमीन घासली जाते. पहिला मार्ग उघड नुकसानीचा आहे. दुसऱ्यात नुकसान होतं हे लवकर लक्षात येत नाही, कारण यंत्र बंद झाल्यावर फरशी चमकत असते. पण घरगुती संगमरवराची लादी साधारण 18 ते 20 मिलिमीटर जाडीची असते आणि पूर्ण घासाईत तिचा वरचा थर कायमचा जातो. लादीची जाडी ही घराची शिल्लक आहे. ती कशासाठी आणि किती खर्च करायची, हे यंत्र सुरू होण्याआधी ठरायला हवं. त्यासाठी फरशीला नेमकं काय झालंय हे ओळखावं लागतं, आणि नेमकी हीच पायरी बहुतेक घरांत वगळली जाते.

संगमरवर म्हणजे पृथ्वीच्या पोटात उष्णता आणि दाब सोसून नव्याने स्फटिक झालेला चुनखडक. त्याचा मुख्य घटक कॅल्शियम कार्बोनेट. कठीणपणाच्या मोहस् मापावर तो 3च्या आसपास येतो, तर वाळूतला क्वार्ट्झ 7वर. म्हणजे चपलेच्या तळाला चिकटून आलेली वाळू दगडापेक्षा कितीतरी कठीण असते. उंबऱ्यापासून बैठकीपर्यंतची पायवाट आधी निस्तेज होते ती यामुळे. दाराबाहेर एक खरखरीत आणि आत एक मऊ पायपुसणं ठेवणं हा जीर्णोद्धारातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित उपाय आहे.

दुसरा शत्रू आंबट. लिंबू, चिंच, कोकम, ताक, व्हिनेगर यांतलं आम्ल कॅल्शियम कार्बोनेट विरघळवतं. थेंब पडला की काही मिनिटांत त्या जागी पांढुरका, निस्तेज चट्टा उठतो. घरातली माणसं त्याला डाग समजून घासत बसतात. डाग आणि चट्टा या दोन निराळ्या गोष्टी आहेत. डागात काहीतरी दगडाच्या आत शिरलेलं असतं, ते बाहेर ओढून काढता येतं. चट्ट्यात दगडाचा पृष्ठभागच झिजलेला असतो, तिथे बाहेर काढण्यासारखं काही उरलेलं नसतं. डागाला लेप लागतो, चट्ट्याला घोटणं. एकाचं औषध दुसऱ्याला दिलं तर पैसे वाया जातात आणि दगडही.

देवघराची फरशी पाहिली तर हे सगळं एका चौरस मीटरमध्ये वाचता येतं. चिंचेने घासलेला तांब्या ओलाच ठेवला म्हणून उठलेलं गोल वळं, पंचामृतातल्या दह्याने खाल्लेली जागा, समईतून पाझरलेल्या तेलाचा काळपट ठसा, हळदीचा पिवळा आणि कुंकवाचा लाल डाग. दर दिवाळीत उंबऱ्याशी घातलेल्या रंगीत रांगोळीचा रंगही ओल्या फरशीत उतरतो. हळदीच्या बाबतीत एक गमतीची गोष्ट आहे. तिच्यातलं कर्क्युमिन साबणासारख्या अल्कली पदार्थाने लाल होतं, त्यामुळे साबणाने धुतल्यावर डाग वाढल्यासारखा वाटतो. पण तेच कर्क्युमिन सूर्यप्रकाशात टिकत नाही. खिडकीतून ऊन येत असेल तर हळदीचा डाग पुष्कळसा आपोआप फिका पडतो.

तेलाच्या डागासाठी पांढऱ्या चिकणमातीची किंवा खडूच्या पुडीची, योग्य द्रावणात कालवलेली लुकणी डागावर जाड थापतात, वरून प्लॅस्टिक लावून दिवसभर ठेवतात आणि मग उघडी करून पूर्ण वाळू देतात. वाळताना ती आतलं तेल वर ओढते. तेलाला ॲसिटोनसारखं द्रावक, तर चहा, कुंकू, फुलांचे रंग अशा डागांना हायड्रोजन पेरॉक्साइड. एका लेपात काम होईलच असं नाही, तीन-चारदा करावं लागतं. लोखंडी कपाटाच्या पायाखालचा गंज सर्वांत चिवट. त्याला पेरॉक्साइड उपयोगी पडत नाही आणि बाजारातले गंज काढणारे बहुतेक द्रव आम्लाचे असल्याने डागाबरोबर दगडही खातात. तो जाणकारावर सोपवावा.

लेपाची ही पद्धत घरगुती टोटका समजू नये. ताजमहालाच्या पिवळ्या पडलेल्या संगमरवरावर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याने 1994, 2001, 2008 आणि 2014 मध्ये मुलतानी मातीचे लेप दिले. माती वाळली की काढून शुद्ध पाण्याने दगड धुवायचा, बस्स. यंत्राने घासून ताज एका हंगामात शुभ्र करता आला असता, पण जे खातं तीनशे वर्षांहून जुन्या पृष्ठभागाला जपतं ते असा विचारही करत नाही.

उलट उदाहरण लंडनचं आहे. अथेन्सच्या पार्थेनॉन मंदिरातली संगमरवरी शिल्पं ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. त्यांच्यासाठी नवं दालन उभारण्याचा खर्च लॉर्ड डुवीन करत होते आणि शिल्पं पांढरीशुभ्र दिसावीत असा त्यांचा आग्रह होता. 1937-38 मध्ये कामगारांनी तांब्याची हत्यारं आणि कार्बोरंडम वापरून ती खरवडली. दोन हजारांहून अधिक वर्षांचा मधाळ थर गेला, त्याबरोबर काही ठिकाणी मूळ पृष्ठभागही गेला. हे बाहेर आल्यावर मोठा गदारोळ झाला आणि 1999 मध्ये म्युझियमलाच त्यावर परिषद भरवावी लागली. आपल्याकडे जुन्या घासाई यंत्राच्या तळाशी जे दगड बसवतात, ते याच कार्बोरंडमचे असतात.

घासाई कधीच करू नये असा याचा अर्थ नाही. लाद्यांच्या कडा एकमेकींपेक्षा वर-खाली झाल्या असतील, ठेचा लागत असतील, खोल ओरखडे असतील, तर यंत्र लागतंच. खरखरीत दगडापासून सुरुवात करून, भरपूर पाणी सोडत, टप्प्याटप्प्याने बारीक नंबरापर्यंत जायचं ही रीत. प्रत्येक टप्प्याने आधीच्या टप्प्याचे ओरखडे पुसायचे असतात. मधला एखादा नंबर गाळला तर ओरखडे राहतात, मग ते लपवायला मेण फासलं जातं. मेण काही महिने चमकतं, नंतर धूळ धरून पिवळं होतं. काम चौरस फुटाच्या भावाने दिलेलं असतं, त्यामुळे नंबर गाळण्याचा मोह कारागिराला होतो. त्याला दोष देण्याआधी घरमालकाने भाव आणि वेळ दोन्ही पुरेसे द्यायला हवेत. पाण्यावर चालणारं विजेचं यंत्र, ओली जमीन आणि अनवाणी माणूस हा धोकादायक संयोग आहे. घरात गळती-प्रवाह तोडणारा स्विच नसेल तर तो आधी बसवावा.

जिथे फक्त निस्तेजपणा आणि आंबटाचे चट्टे आहेत तिथे खरखरीत दगडाची गरजच नसते. बारीक डायमंड पॅड आणि शेवटी टिन ऑक्साइडची किंवा ऑक्झॅलिक आम्लाची पूड एवढ्यावर भागतं. ऑक्झॅलिक आम्लाची कॅल्साइटशी प्रक्रिया होऊन पृष्ठभागावर कॅल्शियम ऑक्झॅलेटचा पातळ थर तयार होतो, चमक त्याची. ही पूड विषारी असते, मुलांपासून दूर ठेवावी. ‘क्रिस्टलायझेशन’ नावाने जे विकलं जातं त्यात फ्लुओसिलिकेट फवारून लोखंडी लोकरीने घोटतात. चमक छान येते, पण लोकरीचा एखादा धागा सांध्यात राहिला तर पुढच्या पावसाळ्यात तिथे गंजाचा ठिपका उमटतो.

या सगळ्याआधी ओल तपासायला हवी. हुबळीतल्या जुन्या घरांचा हा गाभ्याचा प्रश्न आहे. जोत्यात ओलरोधक थर नसेल तर जमिनीतलं पाणी क्षारांसह वर चढतं. पाणी वाळतं, क्षार दगडाच्या छिद्रांत स्फटिक होऊन बसतात आणि फुगून पृष्ठभागाचे पापुद्रे काढतात. लोणा लागलेल्या भिंतीत जे घडतं तेच फरशीत. शिवाय पांढऱ्या दगडात लोहाचा अंश असेल तर ओलीमुळे तो गंजून सगळी लादी पिवळी पडते. हा पिवळेपणा आतला असतो, कितीही घासला तरी खाली पुन्हा पिवळंच. तपासणी सोपी आहे. हातभर प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने फरशीवर लावून दिवसभर ठेवायचा. खालून दव जमलं तर ओल चढते आहे. मग आवारातलं पाणी भिंतीपासून दूर वळवणं, गळका नळ दुरुस्त करणं, जोत्याला टेकलेले फुलझाडांचे वाफे हलवणं हे आधी. अशा फरशीवर प्लॅस्टिकसारखा चकचकीत थर कधीही चढवू नये, ओल आत कोंडते आणि दगड आतून फुटतो. आत मुरून श्वास घेऊ देणारे सीलर मिळतात. ते डाग मुरण्याचा वेग कमी करतात, पण लिंबापासून वाचवत नाहीत, हे विकणारा सहसा सांगत नाही.

लादी पोकळ झाली आहे का ते नाण्याने ठोकून कळतं. भरीव जागी टणक आवाज, पोकळीवर ढबढब. थोडी पोकळी असेल तर सांध्यातून पातळ ग्राउट सोडून भरता येते. जमीनच बसली असेल तर लाद्या नंबर टाकून काढाव्यात, भराव नीट ठोकून घ्यावा आणि त्याच लाद्या त्याच जागी बसवाव्यात. एखादी चुराच झाली असेल तर बाजारात जोड शोधण्याआधी घरातच पाहावं. जड कपाटाखाली, कोठीत, पलंगामागे त्याच खाणीचा, त्याच वयाचा दगड दडलेला असतो. दर्शनी जागी तो आणावा आणि नवा दगड कपाटाखाली घालावा. बारीक तड्यांसाठी इपॉक्सीत संगमरवराची पूड मिसळून भरतात. रंग आधी कोपऱ्यात लावून पाहावा.

दगड कुठला हेही महत्त्वाचं. नागौरकडच्या मकराण्याचा संगमरवर बहुतांश कॅल्साइटचा आणि पाणी फार कमी शोषणारा. ताजमहाल आणि 1921 मध्ये खुलं झालेलं कोलकात्याचं व्हिक्टोरिया मेमोरियल त्याचंच. 2019 मध्ये त्याला जागतिक वारसा-दगड म्हणून भूवैज्ञानिकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची मान्यता मिळाली. राजसमंदकडचा दगड डोलोमाइटी, आम्लाला थोडा उशिरा दाद देणारा. जुनं मकराणा घरात असेल तर ते उखडणं म्हणजे संपत्ती रस्त्यावर टाकणं आहे.

मोझॅकच्या लाद्यांना हीच दृष्टी लागू पडते, कारण त्यांच्यात सिमेंटमध्ये बसवलेल्या चिपा संगमरवराच्याच असतात. ही कल्पना मूळची व्हेनिसची, उरलेल्या तुकड्यांतून जमीन करण्याची. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांच्या 1890 मध्ये पूर्ण झालेल्या लक्ष्मी विलास राजवाड्याच्या दरबार सभागृहात व्हेनिशियन पद्धतीची मोझॅक जमीन आहे. मध्यमवर्गीय घरांत तिचं साधं रूप आलं. नक्षीदार सिमेंट टाइलचं मात्र वेगळं. मुंबईत 1922 मध्ये फेरोजशा सिधवा यांनी स्वदेशीच्या भावनेतून सुरू केलेल्या भारत टाइल्सच्या आणि तशा इतर लाद्यांत रंगाचा थर वरचे काही मिलिमीटरच असतो. त्यावर खरखरीत दगड फिरवला की नक्षी कायमची पुसट होते. अशा टाइलला सौम्य साबण, मऊ ब्रश आणि धीर एवढंच हवं.

रंगकामानंतर सिमेंट-चुन्याचे शिंतोडे काढायला ॲसिड ओतून फरशी धुण्याची सवय आपल्याकडे सर्वदूर आहे. कडप्पा, शहाबादी, कोटा हे सगळे चुनखडकच, म्हणजे संगमरवराचे भाऊबंद. ॲसिड सगळ्यांना खातं. शिंतोडे लाकडी पट्टीने उडवावेत. आणि ॲसिड व ब्लीचिंग पावडर एकत्र आले तर क्लोरीन वायू निघतो, बंद न्हाणीघरात तो जीवघेणा ठरू शकतो.

राहिला प्रश्न वेळेचा. सगळ्यांना फरशी दिवाळीआधी चमकायला हवी असते. पण तेव्हा पावसाळ्याची ओल जमिनीत असते, ऑक्टोबरात हुबळीत परतीचा पाऊसही येतो आणि फुगलेली काळी माती अजून आकसलेली नसते. त्या अवस्थेत भरलेले सांधे उन्हाळ्यात पुन्हा उघडतात. दिवाळीसाठी लेप, साधी धुलाई आणि बारीक घोटणं करावं. मोठं काम फेब्रुवारी-मार्चसाठी ठेवावं. कारागीर ठरवताना कुठल्या नंबरापासून कुठल्या नंबरापर्यंत जायचं हे लिहून घ्यावं, पलंगाखालच्या दोन-तीन लाद्यांवर आधी नमुना करून घ्यावा, न्हाणीघर आणि पायऱ्या चकचकीत न करता सपाट पण निस्तेज ठेवायला सांगावं, घरात वृद्ध असतील तर हमखास. घासाईतून निघणारा पांढरा गाळ मोरीत सोडू नये, तो नळीत थिजतो. बागेतही टाकू नये, चुन्याचा अंश या आधीच अल्कली मातीला नकोसा आहे. बादलीत खाली बसू द्यावा, पाणी वरून ओतून काढावं आणि खालचा गोळा वाळवून बांधकामाच्या राडारोड्याबरोबर द्यावा.