गंजिफांचे पाठभेद

छंद म्हटला की पोस्टाची तिकिटे, नाणी किंवा काड्यापेट्यांची चित्रे एवढेच आपल्या डोळ्यांपुढे येते. परंतु जुने बैठे खेळ जमविणारेही रसिक जगात आहेत. एखाद्या खेळाला पुढे कोणत्या पुरवण्या जोडल्या गेल्या, गावोगावी त्यात काय बदलले, याचा ते शोध घेतात. आपल्याकडे या शोधाला गंजिफांइतका चांगला विषय क्वचितच सापडेल.

गंजिफा म्हणजे हाताने रंगविलेले, बहुधा गोल पत्ते. १५२७ साली बाबराने सिंधमधील शाह हसनकडे गंजिफा पाठविल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. मोगली गंजिफेत आठ रंग असतात. प्रत्येक रंगात राजा, वजीर आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा, अशी बारा पाने, एकूण ९६. हिंदू घरांत रंगांच्या जागी विष्णूचे अवतार आले, दोन रंग वाढले आणि १२० पानांची दशावतारी गंजिफा झाली. ओडिशात बारा रंगांची, १४४ पानांचीही गंजिफा आहे. म्हणजे बारा पानांचे माप कायम ठेवून खेळ वाढवीत न्यायचा, ही युक्ती आपल्याला फार पूर्वीच साधली होती!

दशावतारी डाव तिघांचा. प्रत्येकाला चाळीस पाने. हुकूम नसतो. पाच रंगांत दश्शी मोठी, तर उरलेल्या पाचांत एक्का मोठा. दिवसा ज्याच्या हाती रामाचा राजा येईल त्याची उतारी. रात्री हा मान कृष्णाच्या राजाचा.

पोथ्यांचे संपादन करणारा अभ्यासक जसे पाठभेद टिपतो, तसेच संग्राहकाला येथे करावे लागते. रामाची खूण कोठे बाण, तर ओडिशात वानर. नवव्या अवताराच्या जागी ओडिशात जगन्नाथ येतो. महाराष्ट्रातील दशावताराच्या जुन्या चित्रांत तेथे पुष्कळदा विठ्ठल दिसतो. दरबारी संचाला नक्षीदार किनार असते, बाजारी संच साधा असतो. सावंतवाडीत चिंचोक्याच्या खळीने पान तयार करून त्यावर लाखेचा हात देतात. म्हणून पानाचा आकार, पाठीचा रंग, लाखेची चमक आणि चिताऱ्याचा हात, एवढ्या गोष्टी जुळल्या तरच दोन पाने एका संचातील समजावीत.

यातील खरे दुःख निराळेच आहे. १२० पैकी एक पान हरवले की डाव मोडतो, आणि मोडलेला डाव घरात अडगळ होतो. मग राजांची सुंदर पाने तेवढी चौकटीत जातात आणि दुऱ्या-तिऱ्या केरात. परंतु संच कुठला, केव्हाचा, हे सांगणारी साक्ष पुष्कळदा या साध्या पानांतच असते.

ही साक्ष जपणारे काही भेटले, हे आपले भाग्य. जर्मनीतून मुंबईत येऊन राहिलेले कलासमीक्षक रुडॉल्फ फॉन लायडन यांनी गंजिफा जमविल्या आणि त्यांवर ग्रंथही लिहिले. सावंतवाडीला शिवरामराजे भोसले व राणीसाहेब सत्त्वशीलादेवी यांनी ही कला मरता मरता वाचविली. पुण्यात दिनकर केळकर यांनी उभारलेल्या संग्रहालयात जुन्या घरगुती वस्तूंबरोबर खेळांनाही मानाची जागा मिळाली.

आपल्या नाशकापुरते बोलायचे तर पांडवलेण्यांत खडकात कोरलेले खेळपट आजही पाहता येतात. दगड टिकला, कागद तसा टिकणारा नाही. पंचवटीतले, भद्रकालीतले जुने वाडे एकामागून एक उतरत आहेत. माळ्यावरच्या पेटीत रंगीत गोल पाने सापडली, तर 'देवाची चित्रे' म्हणून ती गोदावरीत सोडू नका. आधी मोजा, खुणा लिहून ठेवा. आणि घरात आजी-आजोबा असतील तर त्यांना विचारा, उतारी कोणाची, मोठे पान कोणते. पाने पुन्हा रंगविता येतील; पण खेळ ठाऊक असलेला शेवटचा माणूस गेला, की १२० पाने पुरी असूनही डाव अपुराच राहील.