जेकब्सव्हिल येथील फिनिश प्रार्थनामंदिर

अमेरिकेच्या मिशिगन प्रांतांत, सुपीरियर सरोवराच्या कांठीं, जेकब्सव्हिल नांवाचें खेडें आहे. तेथील तांबड्या वालुकाश्माच्या खाणींवर मजुरीस आलेल्या फिनलंडच्या लोकांनीं इ. स. १८८० नंतरच्या दशकांत एक लहानसें ल्यूथरपंथी प्रार्थनामंदिर उभारलें. खाणींतला दगड दूरच्या शहरांतील इमारतींस गेला. हें मंदिर मात्र लांकडी आहे.

अशीं मंदिरें बांधणारांचा वृत्तांत भिंतींवर नसतो, वह्यांत असतो. फिनलंड स्वीडनच्या राज्यांत असतां १६८६ च्या धर्मकायद्यानें जन्म, विवाह, मृत्यु व स्थलांतर यांच्या नोंदी ठेवणें पाद्र्यांकडे सोंपविलें होतें. हीच वहिवाट देशांतर केलेल्यांनीं पुढें चालविली. १८९० त कॅल्युमेट येथें त्यांचा ‘सुओमी सिनड’ हा धर्मसंघ स्थापन झाला, आणि त्याचें दप्तर जवळच्याच हॅनकॉक येथील विद्यालयाच्या संग्रहांत आलें. १८९६ त निघालेलें तें विद्यालय २०२३ त बंद पडलें, तेव्हां दप्तर निराधार होण्याची वेळ आली होती. फिनिश वंशजांच्या एका राष्ट्रीय प्रतिष्ठानानें तें वेळींच आपल्या हातीं घेतलें.

संग्राहकांनीं यांतून एवढेंच घ्यावें, असें आम्हांस वाटतें: वास्तु जतन करणारे पुष्कळ मिळतात, वह्यांचा वारस मात्र आधींच नेमून ठेवावा लागतो.