वस्तूची दोन शब्दरूपे

संगणकाच्या स्मृतीतील वस्तू मनुष्याला प्रत्यक्ष दिसत नाही. दिसते ते तिचे शब्दरूप. हे शब्दरूप कोणत्या हेतूने घडविले आहे, याचा विचार केल्यावाचून पडद्यावरील अक्षरांवर विसंबणे भाषाभ्यासकाला हितावह नाही. १९९१ साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या पायथन या संगणकभाषेच्या आधारे हा मुद्दा येथे स्पष्ट करावयाचा आहे.

पायथनमध्ये वस्तूची दोन शब्दरूपे मागता येतात. 'स्ट्र' हे रूप वाचणाऱ्यासाठी असते, तर 'रेप्र' हे तपासणाऱ्यासाठी. १ मे १९६० या तारखेचे 'स्ट्र' मागितल्यास १९६०-०५-०१ एवढेच मिळते. 'रेप्र' मागितल्यास वस्तूचा प्रकार व तिचे तीन घटक कळतात आणि त्यांवरून ती वस्तू पुन्हा घडविता येते. पाच ही संख्या आणि त्याच अंकाचे अक्षर 'स्ट्र'मध्ये सारखेच दिसतात. 'रेप्र' मात्र अक्षराभोवती अवतरणचिन्हे घालते. छापण्याची आज्ञा 'स्ट्र'चा आश्रय घेते. परंतु यादी छापली असता तिच्या घटकांचे 'रेप्र' पुढे येते.

हा भेद आपल्या व्याकरणपरंपरेला अपरिचित नाही. व्याकरणात शब्द हा, तो संज्ञा नसेल तर, स्वतःच्या रूपाचा बोधक असतो, असे पाणिनीने अष्टाध्यायीच्या पहिल्या पादातच सांगितले आहे. 'अग्नि'ला प्रत्यय लावावयाचा तो निखाऱ्याला नव्हे, शब्दाला. 'रेप्र'ची दृष्टी हीच होय.

मराठी शब्दांची गणना करताना या भेदाचे महत्त्व विशेष जाणवते. 'दुसऱ्या' हा शब्द दोन प्रकारे टंकित होतो : एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर असते, दुसऱ्यात र, हलन्तचिन्ह व शून्यरुंदीचा अदृश्य जोडक. पडद्यावर दोन्ही एकच दिसतात; संगणक मात्र त्यांना दोन शब्द मानतो व वारंवारता दोहोंत विभागली जाते. 'स्ट्र' हा दोष झाकते. 'रेप्र'मध्ये जोडकाच्या जागी त्याचा क्रमांक उघड दिसतो.

२००८ पूर्वीच्या पायथनमध्ये 'रेप्र' मागितल्यास सर्वच देवनागरी अक्षरांचे क्रमांक दिसत आणि शब्द वाचताच येत नसे. त्या वर्षीच्या तिसऱ्या आवृत्तीपासून दृश्य अक्षरे जशीच्या तशी दिसू लागली. ही सोय मोठी खरी. तथापि ऱ हे एकसंध आहे की र व नुक्ता मिळून झाले आहे, हे आता 'रेप्र'वरूनही ओळखता येत नाही. त्यासाठी 'आस्की' हे तिसरे साधन वापरावे लागते, कारण ते पूर्वीप्रमाणेच प्रत्येक अक्षराचा क्रमांक देते.

सारांश, शब्दसंग्रहाची गणना करण्यापूर्वी त्यातील शब्द केवळ वाचून भागणार नाही; त्यांचे घटकही तपासले पाहिजेत. एरवी वारंवारतेच्या कोष्टकात जो भेद भाषेचा म्हणून नोंदविला जाईल, तो वस्तुतः टंकलेखनाचा असेल.