गाडी सदक्यात द्यायची आहे, पण आरसी बुक कुठे आहे?

मे २०१५ मध्ये राळेगणसिद्धीत एका वापरलेल्या गाडीचा लिलाव झाला. पारनेर तालुक्यातल्या या गावातून अण्णा हजारे ज्या स्कॉर्पिओत बसून आंदोलनासाठी फिरले, तीच ही गाडी. बोली ९ लाख ११ हजार रुपयांवर थांबली आणि ती रक्कम सामाजिक कामासाठी ठेवण्यात आली. जुन्या गाडीला एवढी किंमत आली ती नावामुळे, हे उघडच आहे. आपल्यासारख्यांच्या गाडीलाही किंमत येते ती नावामुळेच. फक्त ते नाव वर्तमानपत्रात नसते, आरसी बुकात असते.

आपल्या घरांत गाडी दान करण्याची गोष्ट बहुतेक वेळा एखाद्या मृत्यूनंतर निघते. अब्बा गेले, त्यांची ओम्नी अंगणाच्या कोपऱ्यात उभी आहे, टायर बसले आहेत, मुलगा पुण्याला नोकरीला आहे. कुणीतरी सुचवते, मदरशाला देऊन टाका, अब्बांच्या नावाने सवाब चालू राहील. नियत चांगली असते, घेणारेही तयार असतात. मग कपाट उघडले जाते, पत्र्याची पेटी उघडली जाते. मुदत संपलेला विमा सापडतो, पीयूसीच्या पिवळ्या पडलेल्या चिठ्ठ्या सापडतात, मेकॅनिकची बिले सापडतात आणि आरसी बुक तेवढे सापडत नाही. यावर आपल्याकडचा ठरलेला तोडगा म्हणजे, “किल्ली देऊन टाका, कागदाचे नंतर बघू.”

हे ‘नंतर’ किती महाग पडते, ते नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात दिसते. एका माणसाने आपली गाडी विकली, ताबा दिला, पण नोंदणी स्वतःच्याच नावावर राहू दिली. घेणाऱ्याने ती पुढे विकली, त्यानेही पुढे विकली. २००९ मध्ये त्या गाडीने अपघात केला आणि एक मूल दगावले. गाडीचा विमा नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये निकाल दिला की मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे ज्याच्या नावावर नोंदणी आहे तोच मालक, आणि भरपाईची जबाबदारी त्याचीच. मधल्या खरेदी-विक्रीच्या साखळीत कोण कुठे आहे, हे शोधत फिरण्याची वेळ अपघातात होरपळलेल्या कुटुंबावर येऊ नये, असा त्यामागचा विचार होता. तो आम्हाला न्याय्य वाटतो. पण गाडी देणाऱ्याच्या बाजूने पाहिले, तर कागद न बदलता मदरशाला दिलेल्या गाडीने उद्या कुणाला धडक दिली तर नोटीस मदरशाच्या दारात थांबणार नाही, नोंदणीवर ज्याचे नाव आहे त्याच्या घरी येईल.

इथे काही जण हिब्याचा मुद्दा काढतात आणि तो चुकीचा नाही. शरीअतप्रमाणे देणाऱ्याने दिले म्हणावे, घेणाऱ्याने कबूल करावे आणि ताबा द्यावा, एवढ्याने हिबा पुरा होतो. लेखी दस्त लागत नाही. हफीजा बीबी विरुद्ध शेख फरीद या २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानेही हेच तत्त्व मान्य केले. पण तो वाद घराच्या मिळकतीचा होता. रस्त्यावर धावणाऱ्या वस्तूचा हिसाब वेगळा, कारण तिच्यामुळे तिऱ्हाईताचा जीव जाऊ शकतो. म्हणून हिबा झाला तरी वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे राज्यातल्या राज्यात १४ दिवसांच्या आत देणाऱ्याने आणि ३० दिवसांच्या आत घेणाऱ्याने आरटीओला कळवायचे असते. हिबा आहे म्हणून यातून सुटका नाही.

आणि घेणाऱ्याचे काय? समजा, ती गाडी एखाद्या गरजू रिक्षावाल्याला किंवा विधवा बहिणीच्या मुलाला दिली. आरसीवर नाव मरहूम माणसाचे. तो स्वतःच्या नावाचा विमा काढायला गेला तर अडतो. विम्याशिवाय चालवली तर पहिल्याच वेळी २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद. पैशांची गरज पडली तर विकताही येत नाही. जकातीच्या नियतीने दिली असेल तर प्रश्न आणखी टोकदार होतो, कारण हनफी फिकहमध्ये जकात अदा होण्यासाठी घेणाऱ्याला वस्तूचे मालक करावे लागते, ज्याला तमलीक म्हणतात. जी गाडी तो विकू शकत नाही, तिचा तो कसला मालक? सूरह बकरामध्ये अल्लाहने बजावले आहे की स्वतःला कुणी दिली तर डोळेझाक केल्याशिवाय घेणार नाही, अशी खराब वस्तू निवडून खर्च करू नका. बिनकागदाची गाडी आपण स्वतः कुणाकडून घेतली असती का, हा प्रश्न प्रत्येकाने आपल्यालाच विचारावा.

गाडी नक्की कोणाची?

आरसी बुक हरवले की लोक आरटीओच्या खेपा मोजू लागतात. आमच्या मते त्याआधीचा प्रश्न जास्त मोठा आहे, आणि तो घरातलाच आहे.

मालक वारला की कफन-दफनाचा खर्च, मग कर्ज, मग एक तृतीयांशापर्यंतची वसीयत, आणि उरलेल्यावर वारसांचा हक्क. गाडीही त्यातच येते. एक हिशेब करून पाहू. गाडीची किंमत १,२०,००० रुपये, मागे पत्नी, एक मुलगा आणि दोन मुली. पत्नीचा आठवा हिस्सा १५,००० रुपये. उरलेल्या १,०५,००० चे चार भाग होतात, त्यातले दोन मुलाचे म्हणजे ५२,५००, आणि प्रत्येक मुलीचे २६,२५०. “आम्ही गाडी मदरशाला दिली” असे मुलगा म्हणतो तेव्हा त्यातले ६७,५०० रुपये त्याचे नाहीत. अम्मीला आणि बहिणींना विचारले होते का? “त्या काय नाही म्हणणार आहेत!” हे उत्तर आपण सगळ्यांनीच ऐकले आहे. सूरह निसाने स्त्रियांचा हिस्सा थोडा असो की फार, ठरवून दिला आहे. जुन्या ओम्नीचा हिस्साही त्यात बसतो. वारसांत कुणी अज्ञान असेल, तर त्याचा वाटा दान करण्याचा अधिकार मोठ्या भावालाही नाही, काकालाही नाही.

गंमत अशी की आरटीओसुद्धा हेच विचारते. मालक वारल्यावर नोंदणी वारसाच्या नावावर करण्यासाठी ३१ नंबरचा फॉर्म असतो. त्यासोबत मृत्यूचा दाखला आणि बाकीच्या वारसांची संमती मागितली जाते. नियमाप्रमाणे मृत्यूनंतर ३० दिवसांत आरटीओला कळवायचे आणि तीन महिन्यांत हा अर्ज करायचा. आपल्याकडे कितीतरी घरांत वर्षे उलटतात. उशिराचा दंड भरावा लागतो, पण म्हणून दार बंद होत नाही. बहिणींच्या सह्या घ्यायला गेल्यावर जुन्या जमिनीचा विषय निघेल, या भीतीने फॉर्म भरला जात नाही, असेही घडते. मग सांगितले जाते, “कागद सापडत नाहीत.”

दुसरी गुंतागुंत कर्जाची. हप्ते फिटले, पण आरसीवरचा बँकेचा बोजा उतरवलाच नाही, असे सर्रास आढळते. त्यासाठी बँकेच्या सही-शिक्क्याचा ३५ नंबरचा फॉर्म आणि ना हरकत पत्र लागते. बँकच बंद पडली असेल तर? आपल्या जिल्ह्यात हा प्रश्न कल्पनेतला नाही. नगर अर्बन को-ऑपरेटिव्ह बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये रद्द केला. बँक किंवा पतसंस्था अशी बंद पडली की कर्जखात्याच्या कागदांसाठी अवसायकाकडे अर्ज करावा लागतो. वेळ लागतो, पण कर्ज फिटल्याची पावती जपून ठेवली असेल तर काम होते. कर्ज फिटलेलेच नसेल, तर आधी ते फेडायचे आणि मग सदक्याचे बोलायचे.

तिसरा प्रकार ‘कोऱ्या फॉर्मां’चा. एजंटाकडून गाडी घेतली, २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मांवर आधीच्या मालकाच्या सह्या घेतल्या आणि ते फॉर्म तसेच पेटीत पडून राहिले. अशा गाडीवर आपले नाव कधी चढलेलेच नसते. तिथे आधीच्या मालकाला शोधून रीतसर बदली करून घ्यावी लागते. त्याला गाठणे त्रासाचे असेल, पण तोही बिचारा नवीन कुमारसारख्या खटल्यात अडकायला नको असतो.

कागद परत मिळतो

खरोखर हरवलेले आरसी बुक मिळवणे त्या मानाने सोपे आहे. आधी गाडीचा नंबर पाहा. एमएच १६ असेल तर अहिल्यानगर, एमएच १७ असेल तर श्रीरामपूर. दुसऱ्या जिल्ह्याचा नंबर असेल तर नोंद तिथली. मालक हयात असेल तर डिजिलॉकर किंवा एम-परिवहनवर आरसी दिसते का ते तपासावे; तपासणीला ती चालते. जुन्या गाड्यांची नोंद कधी कधी संगणकावर चढलेली नसते, तेव्हा आरटीओच्या नोंदवहीतून ती शोधून चढवावी लागते. मग पोलीस ठाण्यात कागद गहाळ झाल्याची नोंद, आरटीओला लेखी कळवणे, आणि डुप्लिकेटसाठी २६ नंबरचा फॉर्म. बोजा असेल तर बँकेची संमतीही लागते. विमा आणि पीयूसी चालू असावे, थकलेली ई-चलने भरलेली असावीत. मालक वारला असेल तर डुप्लिकेट आणि वारसनोंद, दोन्हींचे काम लागते.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. आरसी धाकट्या भावाकडे आहे आणि तो देत नाही, किंवा पैशांच्या वादात ती कुणी अडवून ठेवली आहे, तर ती ‘हरवली’ असे प्रतिज्ञापत्र करू नये. ते खोटे आहे. खोटी शपथ घेऊन मिळवलेल्या कागदावर सदका उभा करायचा, ही कल्पनाच अंगावर काटा आणणारी आहे.

कार्यालयात काम अडले, “रेकॉर्ड सापडत नाही” असे उत्तर मिळू लागले, तर राळेगणसिद्धीची पुन्हा आठवण होते. माहितीच्या अधिकारासाठी अण्णा हजारे यांनी २००३ मध्ये मुंबईच्या आझाद मैदानावर उपोषण केले आणि महाराष्ट्राचा स्वतःचा कायदा प्रत्यक्षात आला; देशाचा कायदा २००५ मध्ये झाला. अण्णांच्या राजकारणाविषयी आपल्या घरांत वेगवेगळी मते आहेत आणि असोत. पण दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून, आपल्याच किंवा आपल्या वडिलांच्या वाहनाच्या नोंदीची प्रत मागणारा साधा अर्ज एजंटाच्या हजार रुपयांपेक्षा उपयोगी पडू शकतो. ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते, नाही दिले तर अपील आहे. शिवाय राज्याच्या २००५ च्या कायद्याप्रमाणे, ज्याला लोक दफ्तर दिरंगाईचा कायदा म्हणतात, एका कर्मचाऱ्याने फाइल साधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त अडवून ठेवायची नसते. तोही याच चळवळीच्या रेट्यातून आला.

एवढे करूनही गाडी देण्याजोगी असेलच असे नाही. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, पुढे पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण, त्यासाठी तपासणी आणि पर्यावरण कर. पत्रा गंजला असेल तर मदरशाच्या गळ्यात दुरुस्तीचे बिल बांधण्यात काय अर्थ? अशी गाडी नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात द्यावी, नोंदणी रद्द करून घ्यावी आणि आलेले पैसे दान करावेत. कोपऱ्यावरच्या भंगारवाल्याला विकली तर चॅसिस नंबर कुठल्या गाडीवर जाऊन बसेल, सांगता येत नाही. पैसे देण्याचा आणखी एक फायदा आहे. आयकरातली ८०-जीची सवलत वस्तूरूपी दानाला मिळत नाही, ती फक्त पैशांच्या देणगीला आहे, तीही जुन्या करपद्धतीत.

अमेरिकेत संस्थांना जुनी गाडी देण्याची मोठी पद्धत आहे. तिथेही मालकीचा कागद, ज्याला ते टायटल म्हणतात, नसेल तर बहुतेक संस्था आधी त्याची डुप्लिकेट काढून आणायला सांगतात. आपल्या मशीद-मदरशांच्या विश्वस्तांनीही हा शिरस्ता पाडावा असे आम्हाला वाटते. आरसी आणि वारसांची संमती पाहिल्याशिवाय किल्ली घेऊ नये. देणाऱ्याला वाईट वाटेल, या भिडेपोटी संस्था गप्प बसतात आणि मग गाडी त्यांच्या आवारात कुजते.

सवारी दान करण्याचा हदीसमधला प्रसंग पुष्कळांना माहीत असेल. हजरत उमर (रजि.) यांनी अल्लाहच्या मार्गात एक घोडा दिला. ज्याला दिला त्याने त्याची नीट निगा राखली नाही. तो स्वस्तात मिळेल असे वाटून त्यांनी तो परत विकत घेण्याविषयी विचारले, तेव्हा पैगंबर मुहम्मद (स.) यांनी मनाई केली, एका दिरहमला मिळाला तरी घेऊ नका म्हणून. दिलेली वस्तू दिलेलीच. आपल्याकडे मात्र गाडी मदरशाला देऊनही भाचीच्या लग्नाला, ईदच्या खरेदीला ती मागवली जाते, आणि आरसीवर नाव आपलेच असल्याने मागणे सोपेही जाते.

नावबदल झाला की पुढच्या काही दिवसांत वाहन पोर्टलवर नवे नाव दिसते का ते पाहावे, संस्थेकडून गाडीचा नंबर, चॅसिस नंबर, तारीख आणि वेळ लिहिलेली पावती घ्यावी, आणि आपला फास्टॅग बँकेला कळवून बंद करावा. तो चालू राहिला तर सुप्याच्या पुढे टोल कापला गेल्याचा मेसेज आपल्याच फोनवर येत राहतो, आणि नव्या मालकाला त्या गाडीसाठी दुसरा फास्टॅगही मिळत नाही.