मनीचा डोळा आणि डॉक्टरांचे कपाट

डोळे मिटून दूध पिणाऱ्या मांजरीची म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. आमच्या मनीने मात्र काही वर्षांपूर्वी एका सकाळी एकच डोळा मिटला होता आणि दुधाची वाटी तशीच भरलेली होती. डोळ्यातून पाणी वाहत होते, कडेला चिपडे साचली होती आणि अधूनमधून शिंका येत होत्या. घरात डॉक्टर असला म्हणजे प्रत्येक दुखण्याचे उत्तर त्याच्या कपाटात असते, असा घरच्यांचा समज असतो. खरे सांगावयाचे तर त्या डॉक्टराचाही असतो. मी कपाट उघडले, नमुन्यादाखल आलेली थेंबांची एक बाटली काढली आणि दिवसातून चार वेळा औषध घालण्यास प्रारंभ केला.

दुसऱ्या दिवशी लाली उतरली. मी मनोमन स्वतःची पाठ थोपटून घेतली. पाचव्या दिवशी मनी डोळा उघडेना. हाताने पापण्या दूर केल्या तेव्हा बुबुळावर दुधी छटा पसरलेली दिसली. महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकून इंदुरात व्यवसाय करणाऱ्या एका तरुण पशुवैद्यांकडे तिला नेले. त्यांनी बाटलीवरील मजकूर वाचला आणि अतिशय नम्रपणे विचारले, "सर, यात प्रतिजैविकाबरोबर स्टेरॉइडही आहे. घालण्यापूर्वी व्रण नाही ना, हे पाहिले होते का?"

पाहिले नव्हते. त्यांनी फ्लुओरेसीनची पट्टी ओली करून डोळ्याला लावली. निळ्या प्रकाशात कॉर्नियावर झाडाच्या फांद्यांसारख्या हिरव्या रेघा उमटल्या. एका जागी त्या एकमेकींत मिसळून रुंद व्रण झाला होता. विद्यार्थिदशेत नेत्रविभागात पाहिलेले हर्पिसचे चित्र माझ्यासमोर होते. माणसाच्या अशा डोळ्यात मी स्टेरॉइड कधीच घातले नसते. मांजराच्या डोळ्यात ते घातले, कारण निदानाची आवश्यकता मला वाटलीच नाही.

मांजराचे डोळे का येतात?

मांजरांतील नेत्रसंसर्गामागे प्रामुख्याने दोन जंतू असतात : मांजरांचा हर्पिस विषाणू आणि क्लॅमिडिया फेलिस हा जिवाणू. हा विषाणू आपल्या हर्पिसप्रमाणेच ट्रायजेमिनल गँग्लिऑनमध्ये दडून बसतो आणि ताण येताच डोके वर काढतो. घर बदलणे, नवे मांजर येणे, दिवाळीतले फटाके, एवढे निमित्तही त्याला पुरते. शिंका व कॉर्नियावरील व्रण या त्याच्या खुणा. क्लॅमिडियामध्ये नेत्रश्लेष्मला विलक्षण सुजते. आरंभ बहुधा एका डोळ्यात होऊन काही दिवसांत दुसराही लाल होतो. मांजराचा हर्पिस माणसाला बाधत नाही. क्लॅमिडिया फेलिसमुळे माणसाचे डोळे आल्याची उदाहरणे मात्र क्वचित आढळतात. म्हणून औषध घातल्यावर हात धुवावेत.

प्रत्येक लाल डोळा संसर्गाचाच असतो असेही नाही. काचबिंदू, डोळ्याच्या आतील दाह किंवा वयस्क मांजरांतील उच्च रक्तदाब यांतही तो लाल दिसू शकतो.

आपले औषध, तिचे विष

बालक म्हणजे लहान आकाराचा प्रौढ नव्हे, हे आपण विद्यार्थ्यांना शिकवतो. मांजराबाबत तर हे अधिकच खरे. तिच्या यकृतात ग्लुक्युरोनिडेशनची क्षमता अत्यल्प असल्यामुळे, वेदनेसाठी दिलेली पॅरासिटामॉलची एक गोळीही प्राणघातक ठरू शकते. आपल्या हर्पिसवर गुणकारी असलेले ॲसायक्लोविर मांजरांच्या विषाणूवर फारसे चालत नाही आणि पोटात दिल्यास अस्थिमज्जेला अपाय करते. व्हॅलासायक्लोविरने तर मांजरे दगावतात. पशुवैद्य येथे फॅमसायक्लोविर वापरतात. एन्रोफ्लॉक्सासिन हे पशुवैद्यकातलेच औषध, परंतु मात्रा वाढली तर दृष्टिपटल कायमचे निकामी करते.

थेंबांचीही तीच कथा. पॉलिमिक्सिन असलेले थेंब वा मलम घातल्यावर चार तासांच्या आत तीव्र ॲलर्जीचा झटका आल्याच्या नोंदी आहेत. १९९३ ते २०१० या काळातील अशा ६१ मांजरांचा अभ्यास प्रसिद्ध झालेला आहे. असा प्रसंग विरळा, पण औषधानंतर थोडा वेळ मांजराकडे लक्ष ठेवणे श्रेयस्कर. ॲट्रोपीनचे कडू थेंब अश्रुनलिकेतून तोंडात उतरले की तोंडाला फेस येतो. घरची मंडळी विषबाधा समजून घाबरतात.

क्लॅमिडियावर केवळ थेंब पुरत नाहीत. डॉक्सिसायक्लिन पोटातून सुमारे चार आठवडे द्यावे लागते, तेही घरातील सर्व मांजरांना. डोळा चार दिवसांत स्वच्छ दिसला म्हणून औषध थांबवले तर रोग उलटतो. ही गोळी कोरडी गिळवल्यास अन्ननलिकेत अडकून तेथे व्रण व पुढे आकुंचन होते. म्हणून मागोमाग सिरिंजने पाच-सहा मिलिलिटर पाणी हळूहळू पाजावे.

घरी काय करावे?

उकळून निवविलेल्या पाण्यात कापूस भिजवून चिपडे पुसावीत; प्रत्येक डोळ्याला वेगळा बोळा घ्यावा. मांजर टॉवेलात गुंडाळून मांडीवर घ्यावे, तोंड आपल्यापासून दूर असावे. हात मागून व वरून आणावा. समोरून येणारी बाटली पाहून ती बिथरते. बाटलीचे टोक डोळ्याला लावू नये. दोन औषधांत पाच मिनिटांचे अंतर ठेवावे. आधी थेंब, मग मलम.

मांजर डोळा घट्ट मिटून घेत असेल, बुबुळ धुरकट झाले असेल, दोन्ही बाहुल्या सारख्या नसतील, तर त्याच दिवशी पशुवैद्य गाठावा. डोळे न उघडलेल्या पिल्लाच्या पापण्या फुगल्या असतील तर आत पू साचलेला असतो. तेथेही विलंब नको. लसीने हर्पिसची बाधा पूर्णतः टळत नाही, पण तिची तीव्रता खचितच घटते. सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून सुरू करून सोळा आठवड्यांपर्यंत पुनःपुन्हा ती द्यावी लागते.

मनीचा डोळा वाचला. बुबुळावर लहानसे फूल मात्र राहिले. ती खिडकीत उन्हाला बसली की ते स्पष्ट दिसते, आणि दर वेळी त्या तरुण पशुवैद्यांचा प्रश्न मला आठवतो. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियमाने पशुचिकित्सेचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यांकडे सोपविला आहे. त्यामागे केवळ व्यवसायाच्या सीमा नाहीत, हे मला मनीने शिकविले. आपल्या शाखेबाहेरचा रुग्ण आपण सहकाऱ्याकडे विनासंकोच पाठवतो. चार पायांच्या रुग्णाच्या बाबतीतही, डॉक्टरमित्रहो, कपाट उघडण्यापूर्वी तेवढाच एक दूरध्वनी करावा, इतकीच विनंती.